एकदाच लिहावं, सगळीकडे खरं निघावं

नगरजवळच्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत शेतीची यंत्रे बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात मी मुलाखतीला गेले, तेव्हा माझ्याजवळ मराठीची पदवी होती आणि यंत्रांची काडीचीही माहिती नव्हती. समोर श्रीमती नसीम बागवान बसल्या होत्या. यंत्राबरोबर गिऱ्हाइकाला मिळणारी पुस्तिका, गोठ्याच्या भिंतीवर लावायचा तक्ता, दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींसाठीचे पुस्तक हे सारे तयार करणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख. त्यांनी मला ना घरचे विचारले, ना गुण. टेबलावरचा पंखा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या की, हा पुसायचा कसा ते पंखा कधी न हाताळलेल्या माणसासाठी लिहा.

मी जीव ओतून लिहिले. त्यांनी ते शांतपणे वाचले.

“भाषा छान आहे तुमची,” त्या म्हणाल्या. “पण प्लग काढायला तुम्ही शेवटच्या ओळीत सांगताय. तोवर त्याचा हात आत गेलेला असेल.”

नोकरी मला मिळाली. त्या दिवसापासून इतरांसारख्या माझ्याही त्या नसीमताई झाल्या. आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिताना, त्यांच्या कामामागे काय होते ते बाहेरच्या वाचकांना कळावे एवढीच माझी इच्छा आहे. कारण हे काम दिसत नाही. यंत्र दिसते, पुस्तिका पिशवीत राहते.

मी रुजू झाले तेव्हा प्रत्येक गोष्ट वेगवेगळी लिहिली जाई. पुस्तिकेची फाईल निराळी, तक्त्याची निराळी, मोबाईलवरची माहिती आणखी कोणीतरी टाकायचे. यंत्रात काही बदलले की तीच दुरुस्ती सगळीकडे हाताने करायची. नसीमताईंना हे खुपत असे, त्या वरिष्ठांना सांगतही असत. पण चालले आहे ना, असे म्हणून विषय मागे पडे.

मग आमच्या चारा कापायच्या यंत्राचे, कडबाकुट्टीचे, नवे मॉडेल आले. त्याचे चाक जड होते, त्यामुळे बटण बंद केल्यावरही पाती काही काळ फिरत राहत. पुस्तिकेत आम्ही तशी दुरुस्ती केली: चाक पूर्ण थांबू द्यावे, अडकलेला चारा काठीनेच काढावा. तक्ता मात्र दुसऱ्या छापखान्यात होता. त्यावर जुनेच वाक्य राहिले, की बटण बंद करून चारा हाताने मोकळा करावा.

श्रीगोंद्याजवळच्या एका गावात चंद्रकलाबाई नावाच्या बाईंनी तसेच केले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

कारखान्यात बातमी आली तेव्हा पहिला सूर ठरलेला होता: बाईंनी घाई केली असणार. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन नसीमताई त्या गावी गेल्या. चंद्रकलाबाई ओसरीवर बसल्या होत्या, हाताला पट्टी होती. त्या चिडलेल्या नव्हत्या, तेच जास्त जड वाटले. आम्ही कारखान्यातून आलो म्हटल्यावर त्यांना वाटले, आपल्यालाच दोष द्यायला आलो.

“मी वाचलं हुतं ओ बाई,” त्या म्हणाल्या. “भितीवर लिवलंय तसंच केलं. मला वाचाया येतं.”

नसीमताई गोठ्यात गेल्या, तक्ता पाहिला आणि परत येऊन त्यांच्याशेजारी खाली बसल्या. “तुमचं काही चुकलं नाही,” त्यांनी सांगितले. “आमचं चुकलं. आम्ही चुकीचं लिहिलं.”

पुढच्या बैठकीत व्यवस्थापकांनी सुचवले की, वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असे नोंदवून प्रकरण मिटवावे. नसीमताई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

“त्यांनी वाचलं म्हणून त्यांची बोटं गेली,” त्या म्हणाल्या. “वाचलं नसतं तर कदाचित वाचली असती. हे मी निष्काळजीपणा म्हणून लिहिणार नाही. लिहायचंच असेल तर माझ्या जागी दुसरं कोणी आणा.”

त्या वेळी त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. ते बैठकीत बसलेल्या सर्वांना ठाऊक होते. शेवटी मालकांनी चूक कारखान्याची असल्याचे मान्य केले, चंद्रकलाबाईंच्या उपचारांची जबाबदारी घेतली आणि नसीमताईंना विचारले की, असे पुन्हा होऊ नये म्हणून काय हवे? त्या जे इतकी वर्षे मागत होत्या तेच त्यांनी पुन्हा मागितले. मजकूर एकाच ठिकाणी राहील. पुस्तिका, तक्ता, मोबाईलचे पान, सगळे त्यातूनच निघेल. दुरुस्ती एकदाच होईल.

पण त्याआधी त्यांनी एक काम स्वतःकडे घेतले. नवी पद्धत उद्याची चूक टाळेल, भिंतीवर लागून बसलेल्या तक्त्यांचे काय? दुरुस्तीच्या टेम्पोतून त्या गावोगाव हिंडल्या आणि जुने तक्ते उतरवून आणले. जामखेडकडे एका गोठ्यात शेतकऱ्याने तक्ता काढू दिला नाही. तक्ता आधीच्या यंत्राबरोबर आलेला, नवे यंत्र आले तरी तोच राहिलेला; त्याच्या कडेला त्याने आपल्या लेकीच्या उंचीची खूण दरवर्षी पेन्सिलीने केली होती. “बाकी काय बी न्या, ताई, तेवढं फाडू नका,” तो म्हणाला. नसीमताईंनी कागद कापायचे पाते घेतले, चुकीचे वाक्य तेवढे कापून काढले, तिथे नवे चिकटवले आणि खुणा जशाच्या तशा ठेवल्या. लेकीला बोलावून त्या वर्षीची खूणही करून घेतली.

मग शिकणे सुरू झाले. वयाच्या पन्नाशीत त्या संगणकासमोर विद्यार्थ्यासारख्या बसल्या. आम्हाला जे अवघड वाटले ते त्यांनी एका वाक्यात समजावले: शब्द कसा दिसतो ते लिहू नका, तो काय आहे ते लिहा. तोवर आम्ही महत्त्वाचे वाक्य निवडून ठळक करत असू. आता त्याला ‘इशारा’ असा टॅग, म्हणजे ओळखीची खूण, लावायचा. पायरी असेल तर ‘कृती’, अवांतर असेल तर ‘टीप’. पुढे तोच इशारा पुस्तिकेत चौकटीत येतो, मोबाईलवर लाल दिसतो, तक्त्यावर मोठ्या अक्षरांत उतरतो, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी काढलेल्या ध्वनिफितीत त्याच्याआधी आवाज क्षणभर थांबतो. मजकूर तोच. आज त्यात काही अप्रूप नाही. आमच्या विभागात तेव्हा ते कुणी पाहिले नव्हते.

या बदलाने सर्वांत जास्त घाबरले ते आमचे दिलीपराव. तक्त्यांची मांडणी ते वर्षानुवर्षे हाताने करत. पाने आपोआप निघणार म्हटल्यावर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आमच्यात बसणेच सोडले. नसीमताई एक दिवस डबा घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेल्या. पान कसे दिसावे हे यंत्राला कोणीतरी शिकवावे लागेल, आणि ते तुमच्याइतके मला कुठे कळते, असे त्यांनी विचारले. आमच्या सगळ्या प्रकाशनांचे साचे पुढे दिलीपरावांनीच घडवले, आणि नव्या मुलांना तेच शिकवतात.

माझ्यावरचा नसीमताईंचा उपकार तर मी विसरूच शकत नाही. लग्नानंतर सासरी, श्रीगोंद्याला, माझी नोकरी सुटण्याच्या बेतात होती. सासरे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. यंत्राचे कागद लिहायला सुनेने नगरला कशाला राहायचे, असा त्यांचा साधा प्रश्न होता. नसीमताई एसटीने घरी आल्या. चहा झाल्यावर त्यांनी मोबाईलवर फवारणी पंपाची ध्वनिफीत लावली, मग पुस्तिका काढून तीच वाक्ये सासऱ्यांना दाखवली. हे तुमच्या सूनबाईंनी लिहिले आहे, असे सांगितले.

“म्हंजी लई लोकं ऐकत्यात व्हय हिचं?” सासऱ्यांनी विचारले.

“ऐकतात. आणि चुकलं तर त्यांना लागतं,” ताई म्हणाल्या. “म्हणून नीट लिहिणारं माणूस आम्हाला सोडवत नाही.”

सासऱ्यांनी पुस्तिका हातात घेऊन पाहिली. मग, येईल ती कामावर, एवढेच म्हणाले. पुढे माझी लेक लहान असताना तिला सांभाळायला तेच नगरला येऊन राहिले.

नसीमताई आता निवृत्त होत आहेत. जिल्ह्यातल्या काही शिक्षकांनी शाळेसाठीच्या विज्ञानाच्या पूरक धड्यांचे काम त्यांच्याकडे आणले आहे. एकाच मजकुरातून साधे पुस्तक, मोठ्या अक्षरांचे पुस्तक आणि ऐकायचे पुस्तक काढायचे. गुडघे दुखतात तरी त्यांनी होकार दिला आहे.

या ग्रंथाला मात्र त्या राजी नव्हत्या. आम्ही फारच धरून बसलो तेव्हा त्यांनी एक अट घातली. त्यांचे थोरले बंधू सलीमभाई यांनी बाजारात फळांची गाडी लावून बहिणीला शिकवले. त्यांना आता दिसत नाही. जे लिहाल ते त्यांना ऐकता आले पाहिजे, एवढेच ताईंचे मागणे होते.

म्हणून हा लेख मी त्यांनीच शिकवलेल्या रीतीने लिहिला आहे आणि या परिच्छेदाला ‘शुभेच्छा’ असा टॅग लावला आहे. नसीमताई, तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, डोळे आणि हात असेच शाबूत राहोत, आणि आमची वाक्ये तपासायला तुम्ही आम्हाला खूप खूप वर्षे लाभा. छापील पानावर हे कसे दिसेल ते दिलीपराव ठरवतील. सलीमभाई, तुम्ही ऐकत असाल तर सांगते, तुमची बहीण आम्हाला फार मोलाची आहे.