रुक्साना मॅडमचं टर्मिनल

कॉम्प्युटरवर कुठलंही नवं टर्मिनल उघडलं की रुक्साना मॅडम आधी त्यात तीन, आठ, सहा, शून्य असे आकडे टाइप करायच्या. मग खुर्ची मागे सरकवून पडद्याकडे बघायच्या. आकडे नीट ओळखता आले नाहीत की ती खिडकी बंद. “पुढचं दाखवा,” म्हणायच्या.

टर्मिनल म्हणजे माउसला हात न लावता, आज्ञा टाइप करून कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायची खिडकी. ओतूरच्या एका कॉलेजात आम्ही दोघी हा विषय शिकवायचो. त्या जुन्नरहून एसटीने यायच्या, मी वारूळवाडीहून. त्यांची नजर कमी होत चालली होती, पण हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

एकदा त्या जुनी फोल्डरं साफ करत होत्या. काढायच्या फोल्डरांच्या यादीत गट तीन होता. यादीतला तीन त्यांना आठ दिसला, आणि गट आठ पुसला गेला. खरंच पुसू का, असं टर्मिनल पुन्हा विचारत नाही. त्यातले चालू वर्गातल्या मुलांचे प्रोजेक्ट गेले. बोरीची दिपाली त्याच गटातली. ती रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, समदं परत करायचं व्हय?”

“हो. आणि मी तुमच्याबरोबर बसणार,” मॅडम म्हणाल्या. मग वर्गासमोरच त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. उपचारांनी फार फरक पडणार नाही, हेही सांगितलं.

त्यानंतर टर्मिनल निवडण्याचं काम मुलांनीच अंगावर घेतलं. एकाने मागे शिवनेरीचा फोटो दिसणारं पारदर्शक टर्मिनल आणलं. “लई भारी हाय, मॅडम!”

“किल्ला झकास दिसतोय. माझी अक्षरं कुठं गेली?”

अखेर एक पसंत पडलं. झटकन उघडणारं, अक्षरं हवी तेवढी मोठी करता येणारं, शून्याच्या पोटात रेघ असणारं. काळ्यावर पिवळी अक्षरं ठेवून त्यांनी पुढची दोन वर्षं त्यावर काढली. मग तीही अक्षरं विरघळायला लागली.

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आम्ही बसवला, तर त्यांच्या आवडत्या टर्मिनलमध्ये तो गप्पच. ते टर्मिनल अक्षरं चित्रासारखी रंगवायचं, वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती काही लागत नव्हतं. कॉम्प्युटरसोबत आलेलं साधं, जरा मंद टर्मिनल मात्र घडाघडा बोललं. मॅडमनी त्यात दोन-तीन आज्ञा टाइप करून ऐकल्या. मग म्हणाल्या, “हेच ठेवा. ते जुनं काढून टाका, नाहीतर माझा हात परत तिकडंच जाईल.”

प्रॅक्टिकल त्यांच्याकडे ठेवावं की नाही, असा प्रश्न निघाला. प्राचार्य एक दिवस वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. मॅडमनी एका कानात इयरफोन घातला, दुसरा कान मुलांसाठी मोकळा ठेवला आणि तास घेतला. शेवटी प्राचार्यांनी विचारलं, “मॅडम, पुन्हा काही पुसलं गेलं तर?”

“आता एंटर दाबायच्या आधी मी आज्ञा पूर्ण ऐकते, सर. आणि रोज दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवते. तेव्हा दोन्ही करत नव्हते.”

नव्या वेळापत्रकात मॅडमचं प्रॅक्टिकल होतं. निवृत्त होईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिलं.

निरोपाच्या दिवशी दिपाली पुण्याहून आली. तिथे ती एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. पाया पडून म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं जो तो वेगळंच टर्मिनल चांगलं म्हणतो. मी कंचं घेऊ?”

“मला कशाला विचारतेस? काम तुझं, डोळे तुझे. चार दिवस वापरून बघ, दमलीस तर बदल.”

दिपालीने मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं, की मॅडमना ते दिसलेलं नाही. ती जवळ सरकली, त्यांचा हात हातात घेतला आणि मोठ्याने म्हणाली, “हो, मॅडम.”