एकाच कीबोर्डवर दोन माणसं

आपांशी माझं वाकडं आलं ते कंट्रोलच्या बटणावरून. ऐकणाऱ्याला हसू येतं. पण दीड वर्ष आम्ही एकाच खुर्चीवर आलटून पालटून बसलो आणि त्या दीड वर्षात एकमेकांशी एक शब्द धड बोललो नाही.

शहागंजमागच्या एका छापखान्यात मी पंधरा वर्षं डीटीपी करत होतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांचे अहवाल, जे येईल ते. माझी बोटं न बघता चालायची. करंगळी कंट्रोलवर आणि बाकीची बोटं वर. कॉपी, पेस्ट, सेव्ह, त्यात डोक्याचं कामच नव्हतं. शहराचं नाव अजून बदललं नव्हतं, पण बाकी सगळं बदलत होतं. शेंद्र्याकडं कंपन्या उभ्या राहत होत्या, बीड बायपासला शेतांत इमारती उगवत होत्या, आणि नेमका त्याच वर्षांत पाऊस लागोपाठ दगा देत होता. नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी यायचं. या नव्या गिऱ्हाइकांची कामं मिळवायची म्हणून मालकांनी विंडोजची दोन्ही जुनी मशीनं काढून टाकली आणि एक मॅक आणला. एकच. त्याच्यासोबत उर्दूच्या कामासाठी एक बाई ठेवल्या. मॅकवर त्यांचा हात आधीपासून बसलेला होता. पन्नाशीच्या असाव्यात. सगळे त्यांना आपा म्हणायचे, म्हणून मीही. सकाळी आठ ते एक मी, दुपारी दोन ते सात त्या, अशी वाटणी झाली.

मॅकवर कंट्रोल दाबून कॉपी होत नाही, सेव्हही होत नाही. त्यासाठी कमांड नावाचं वेगळं बटण असतं, स्पेसबारला खेटून, अंगठ्याखाली. पहिल्यापासून ज्यानं तेच वापरलंय त्याला काही वाटत नाही. माझ्या करंगळीला मात्र ते काही केल्या कळेना. दिवसभरात होणारं काम अर्ध्यावर राहायला लागलं. मालक मागं येऊन उभे राहायचे आणि घड्याळ बघून निघून जायचे. दुपारी आपा यायच्या आणि मी सोडलेलं पान बघता बघता पुरं करायच्या. त्यावर एक अक्षर बोलायच्या नाहीत, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

आठवडाभरानं मला सेटिंगमध्ये एक जागा सापडली. तिथं कंट्रोलला कमांड आणि कमांडला कंट्रोल करता येत होतं. मी केलं. करंगळी पुन्हा कामाला लागली आणि त्या दिवशी जेवणही गोड लागलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर सगळं पहिल्यासारखं. मी पुन्हा फिरवलं. आपांनी पुन्हा परत केलं. हे रोज चालू झालं. सकाळी आलो की पहिलं काम तेच.

शेवटी मी मालकांकडं गेलो. ते टँकरवाल्याशी फोनवर भांडत होते. ऑफसेटच्या प्लेटला सतत ओल लागते, पाणी नसलं की छपाई बंद, आणि आमचा बोअर आटला होता. त्यांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, दोघं मोठी माणसं आहात, आपसात बघून घ्या. मग एकदा दुपारी मी मुद्दाम थांबलो आणि आपांना म्हणालो की इथला जुना माणूस मी आहे, बटणं माझ्या सोयीनं राहतील.

"मशीन तर नवं आहे ना भाऊ," त्या म्हणाल्या. "जुनं तुमचं गेलं."

आवाज न चढवता म्हणाल्या. त्यांनी शिवी दिली असती तर मी विसरलो असतो.

मग मी बटणांवर चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि त्यांच्यावर पेनानं माझ्या सोयीची नावं लिहिली. त्यांनी ते नखानं खरडून काढले. डिंक तेवढा राहिला आणि दोघांच्याही बोटांना चिकटायचा. त्यातच एका सकाळी बायपासच्या एका बिल्डरचा माणूस माहितीपत्रक करून घ्यायला माझ्या शेजारी येऊन बसला. चौदा मजले, झाडं, मध्ये निळाशार तरणतलाव. सगळं शहर टँकरमागं धावत होतं आणि मला त्या तलावाखाली ओळ लिहायची होती. मी टाइप करायला लागलो तर अक्षरं उजवीकडून डावीकडं उमटायला लागली. उर्दूत. भाषा बदलायचा शॉर्टकट आपांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताला बसेल असा करून ठेवला होता, आणि मला मराठीवर यायचाच रस्ता सापडेना. मी घामाघूम झालो. तो माणूस हसला आणि म्हणाला, "राहू द्या काका, दुपारच्या बाईंकडून करून घेतो." खरंच उठून गेला आणि दोन वाजता परत आला.

आपांनी ते मुद्दाम केलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र माझी खात्रीच होती.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून एक गोष्ट केली. मॅकवर सॉफ्टवेअरच्या मेनूतल्या कुठल्याही कामाला आपल्याला हवा तो शॉर्टकट देता येतो. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या सेव्हला मी चार बटणांचा असा शॉर्टकट दिला की चुकूनही कुणाकडून तो दाबला जाऊ नये. म्हणजे नेहमीसारखं कमांड आणि एस दाबलं तर आता काहीच होणार नव्हतं. कॉपी झालं नाही तर माणसाच्या लगेच लक्षात येतं. सेव्ह झालं नाही तर येत नाही, कारण झालं तरी पडद्यावर काही हलत नाही. आपोआप सेव्ह व्हायची सोय आम्ही बंदच ठेवली होती, तिच्यामुळं मशीन मध्येच अडायचं. बाकीची बटणं मी त्यांच्या सोयीची होती तशीच ठेवली आणि एक वाजता उठलो. त्यांचं एखादं पान जावं आणि मालकांसमोर फजिती व्हावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्या दिवशी आमच्या सिडकोत पाण्याची पाळी होती. दुपारभर मी ड्रम आणि बादल्या भरत होतो, आणि खरं सांगायचं तर मजेत होतो. बायको म्हणालीसुद्धा, आज लई खुशीत दिसताय.

तिकडं छापखान्यात सिल्लोडहून एक म्हातारे मास्तर आले होते. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. आपल्या भागातल्या जुन्या विहिरींवर आणि बारवांवर ते एक लहानसं पुस्तक करत होते. कुठली विहीर कुणी खोदली, तिथं कुणाला पाणी भरू दिलं, कुणाला नाही, कुठली केव्हा आटली. दृष्टी अधू झाल्यामुळं त्यांच्यानं लिहवत नव्हतं, म्हणून ते एसटीनं यायचे, आपांशेजारी बसायचे आणि तोंडी सांगायचे. आपा ऐकत ऐकत टाइप करायच्या. चार प्रकरणं आधी झाली होती. त्या दुपारी त्यांनी पाचवं, शेवटचं, सांगितलं. तीन तास सांगत होते. पाचच्या सुमारास लाइट गेली. यूपीएसची बॅटरी महिनाभरापूर्वीच बसली होती. लाइट आल्यावर आपांनी फाइल उघडली तर ती चौथ्या प्रकरणापाशी संपत होती.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सांगितलं. ते आपांवर चिडलेले होते, एवढ्या अनुभवी बाईला सेव्ह करायचं कळू नये म्हणून. मला हवं होतं तेच झालं होतं, पण त्यात मास्तरांचं प्रकरण जाईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मालक छपाईकडं गेल्यावर खुर्चीत बसलो, सेटिंग उघडलं आणि तो चार बटणांचा शॉर्टकट काढून टाकला.

"परत करताय व्हय भाऊ?"

आपा दारात उभ्या होत्या. सकाळी त्या कधीच येत नसत. आदल्या संध्याकाळीच त्यांनी मेनू उघडून सेव्हच्या पुढं काय लिहिलंय ते वाचलं होतं, आणि ते तसंच ठेवून घरी गेल्या होत्या, कोण पुसतं ते बघायला.

मी म्हणालो, काय बिघडलंय ते मी नुसतं बघत होतो. त्यावर त्यांनी वादच घातला नाही. मालकांना सांगणार नाही म्हणाल्या. सांगितलं तर मी जाईन आणि माझं सकाळचं कामही त्यांच्याच गळ्यात पडेल. त्यात दया नव्हती, आणि मलाही उपकार वाटले नाहीत. मग त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि मशीनवर दोन वेगवेगळी खाती केली, एक माझं, एक त्यांचं. माझ्या खात्यात माझी बटणं, त्यांच्या खात्यात त्यांची. एकाच्या सेटिंगचा दुसऱ्याला पत्ताही लागणार नाही. पाच मिनिटांचं काम होतं. हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं का, असं मी विचारलं. होतं म्हणाल्या.

"मग पहिल्याच दिवशी का नाही केलं?"

"तुम्ही एकदा नीट विचारलं असतं तर केलं असतं."

पुढच्या आठवड्यात मास्तर आले. पाचवं प्रकरण पुन्हा सांगायला त्यांनी साफ नकार दिला. सांगायचं होतं ते सांगून झालं, चारच छापा, म्हणाले. आपांनी खूप विनवलं, पण ते ऐकेनात. आपांना बरंचसं आठवत असणार, तर तुम्हीच का लिहीत नाही, असं मी नंतर त्यांना विचारलं. ते त्यांचं सांगणं होतं, माझं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मग मी विचारलं, त्यात होतं तरी काय?

"तुम्हीच पुसलं ना," आपा म्हणाल्या. "आता तुम्हाला कशाला पायजे?"

पुस्तक छापून, बांधून व्हायला आठ महिने गेले. गठ्ठे सिल्लोडला पोचवायचे होते, तेव्हा मी स्वतःहून एसटीनं निघालो. सोबत एक कोरी वही घेतली. मास्तर अंगणात बाजेवर बसले होते. मी गठ्ठे खाली ठेवले आणि उभ्यानंच सांगितलं की ते प्रकरण लाइटमुळं गेलं नव्हतं, मी केलं होतं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "आपांनी दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगितलं."

म्हणजे त्यानंतर ते जितक्यांदा छापखान्यात आले, मी त्यांना नमस्कार केला, चहा मागवला, तितक्यांदा त्यांना सगळं ठाऊक होतं. तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत, असं मी विचारलं. तुम्ही केव्हा सांगताय ते बघत होतो, म्हणाले. मी वही पुढं केली. म्हणालो, आता सांगा, मी हातानं लिहून घेतो, कितीही वेळ लागू द्या.

"तुम्हाला नाय सांगणार," मास्तर म्हणाले. सुनेनं पाणी आणलं होतं, त्या तांब्याकडं बोट केलं. "पाणी प्या अन निघा. साडेचारची गाडी आहे."

मी पाणी प्यालो आणि निघालो. रागच आला होता. एवढं उन्हातान्हात येऊन कबूल केलं तर निदान बसा तरी म्हणतील, असं वाटलं होतं. तो राग शहर येईपर्यंत टिकला.

पुढच्या वर्षी छापखाना करमाडकडं गेला, तिथं जागा मोठी होती आणि बोअरला पाणी होतं. आपा तिकडं गेल्या. मला मालकांनी विचारलंही नाही. मशीन नव्या जागी लावलं त्याच दिवशी आपांनी त्यावरचं माझं खातं काढून टाकलं, हे मला नंतर छपाईतल्या एकानं सांगितलं. मी आठवडाभर चडफडत होतो.