मुकी गाणी आणि बोलका बडग्या

पोळ्याची अमावास्या ते सर्वपित्री अमावास्या हा माझा सण. लोकांचे गणपती असतात, महालक्ष्म्या असतात. माझी भुतं असतात. या दिवसांत सगळ्या चॅनलवाल्यांना एकदम पितरांची आठवण येते आणि ते भुताखेतांचे 'विशेष भाग' दाखवायला लागतात. मी ते सगळे बघतो. रिटायर झाल्यापासून दुपारी लागणारे शिळे भागसुद्धा सोडत नाही. नागपुरात सदर भागातल्या ऑफिसात जन्मभर साहेब लोकांखाली काम केलं, त्यामुळे भ्यावं असं फारसं काही उरलेलं नाही. तरी बघतो. शौक आहे.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे ती पांढऱ्या साडीतली. बाई बिचारी कित्येक वर्षं विहिरीत राहते, पण साडीची इस्त्री मोडत नाही. केस मोकळे, पण शाम्पू केलेले. आमच्या महाल भागात नळ एक दिवस आला नाही तर माणसांचे चेहरे भुतासारखे होतात, आणि हिचा मेकअप पाण्यातही टिकतो! तिच्यानंतर माझा आवडता म्हणजे मालिकेतला नवरा. सगळं गाव त्याला सांगतं, बाबा रे, तिकडे जाऊ नको. लगेच हा शहाणा टॉर्च घेऊन तिकडेच निघतो. टॉर्चचा सेल बरोबर विहिरीपाशी संपतो. असल्या माणसाला भुतानं धरलं नाही तर काय पूजा करावी?

एक तक्रार मात्र आहे. सगळी भुतं कोकणात. विहिरी तिकडच्या, वाड्या तिकडच्या. विदर्भाच्या वाट्याला एक धड भूत नाही. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, यावर आमचे लोक गळे काढतात. भुतांच्या अनुशेषाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. एखादं भूत आलंही असेल म्हणा. मे महिन्यात पिंपळावर बसून पाहिलं असेल, आणि कूलर नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलं असेल.

पण आम्हाला भुतांची गरजच काय? आमच्याकडे मारबत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर रस्त्यावर उतरतं. एक काळी मारबत, एक पिवळी. दोन मजली घराएवढ्या अक्राळविक्राळ बाया. त्यांच्या मागून निघतात गल्लोगल्लीचे बडगे. वर्षभरात ज्याचा ज्याचा वैताग आला त्याचा कामट्या-कागदांचा पुतळा करायचा, वाजतगाजत फिरवायचा, आणि 'घेऊन जा गे मारबत!' असं ओरडत गावाबाहेर नेऊन जाळायचा. खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. महागाई काही जात नाही, पण ओरडून घसा मोकळा होतो. जगात इतका स्वस्त डॉक्टर दुसरा नाही.

गाण्याचे कार्यक्रम हे बायकोचं खातं. ती भजन मंडळात गायची. नुसती गायची नाही, तिच्यासाठी लोक यायचे. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागली की ती लसूण सोलत बसायची, आणि एखादी पोरगी सुरावरून घसरली की मान न उचलता म्हणायची, "गेली खाली." मग पाच मिनिटांनी ते तीन परीक्षक हेच सांगायचे, पण आधी रडून. मलाही ते कार्यक्रम आवडायचे, खोटं कशाला बोलू. गाणं दोन मिनिटं आणि गरिबी दहा मिनिटं. बापाचा हातठेला एवढा हळूहळू चालताना दाखवतात की वाटतं, आज याचा माल विकला जात नाही.

"अवं, या पोराचं गाणं होऊन राहिलं का पंचनामा?" मी विचारायचो.

"तुमी जरा गप बसा नं जी. ऐकू द्या मले."

असं आमचं चाललं होतं. मग संक्रांतीनंतर तिचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण आवाजाची नस दुखावली आणि तिचा आवाज गेला. म्हणजे अगदी गेला नाही. जो गेला त्याच्या जागी दुसराच आला. जाड, खरखरीत, विहिरीत बादली घासत जावी तसा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रोज बोला, रोज आवाजाचा व्यायाम करा. वर्षभरात जेवढा सुधारेल तेवढा आपला. गप्प बसलात तर आहे तोही बसेल." व्यायामाचा कागदही दिला. आ, ई, ऊ. मी तो फ्रिजवर चिकटवला. तिनं त्यावर गॅसवाल्याचं कॅलेंडर लावलं.

त्याआधी, ऑपरेशननंतर, ती मंडळात गेली होती एकदा. तिथल्या बाया फार प्रेमळ. सगळ्यांनी मिळून सांगितलं, "वहिनी, तुमी गळ्याले तरास नका देऊ. तुमी नुसत्या झांजा वाजवा." ज्या बाईनं आयुष्यभर पुढं बसून गायलं तिला मागच्या रांगेत झांजा! ती घरी आली, झांजा माळ्यावर टाकल्या, आणि बोलणं बंद केलं.

कोणाशीच बोलायची नाही. भाजीवाल्याला बोटानं दाखवायची. फोन वाजला की माझ्या हातात. पुण्याहून मुलगी फोन करायची तर ही नुसती मान हलवायची, आणि मी इकडून समालोचन करायचो, "आई हाव म्हणते, आई नाही म्हणते." मला बोलवायचं असलं की सांडशी ओट्यावर आपटायची. सांडशीच्या आवाजावरून चहा झाला की मी काही गुन्हा केला हे मला कळायला लागलं. आणि गाण्याचे कार्यक्रम? ते ती बघायची, पण आवाज बंद करून. पडद्यावर पोरं तोंड उघडतात, परीक्षक उभे राहतात, सगळे डोळे पुसतात, आणि खोलीत पंख्याची घरघर. मी जन्मात एवढी भुतं बघितली, पण त्या मुक्या गाण्यांएवढी भीती मला कशाचीच वाटली नाही.

मी काय कमी प्रयत्न केले? समजावून झालं, चिडून झालं. "अवं, बोल काही तरी! शिव्या दे, पण बोल!" म्हटलं. तिनं पाटीवर लिहावं तसं हवेत बोट फिरवून मला मूर्ख ठरवलं. होळी गेली, उन्हाळा गेला, आखाडी गेली. डॉक्टरांचं वर्ष संपत चाललं होतं, आणि मला ते घर नको झालं होतं.

पोळा आठवड्यावर आला तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मी माझं भूत लावून बसलो होतो, आवाज मोठा. नेमका तेव्हा आमच्या गल्लीतला मंडप-डेकोरेशनवाला वर्गणीला आला. बडग्याचा सगळा कारभार त्याच्याकडे. यंदा बडग्या खड्ड्याच्या भुताचा होता. मागच्या वर्षीही खड्ड्याचाच होता. जाळलेला खड्डा दर पावसाळ्यात पुन्हा जन्म घेतो, हे एकच भूत नागपूरला स्वतःचं असं मिळालेलं आहे. मागच्या वर्षी यानं बडग्याच्या पोटात स्पीकर ठेवून मोबाईलवरून भुताचं हसणं वाजवलं होतं. ऐन चौकात जाहिरात लागली, आणि खड्ड्याचं भूत लोकांना गोड आवाजात गृहकर्ज देऊ लागलं. ते दुःख तो मला सांगत होता.

एवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं.

"दूध!" बायको ओरडली. गॅसवरचं दूध पाहून निघून गेलं तोंडातून.

मंडपवाला खुर्चीतून उडाला. त्यानं आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे चमकत होते त्याचे.

"काकाजी, हे कोणती सिरियल आहे? काय आवाज आहे बाप्पा! एक नंबर भूत! मले हाच पायजे बडग्याले. कोण्या चॅनलवर लागते?"

 बायको हातात दुधाचं फडकं घेऊन दारात उभी होती. त्याच्या लक्षात आलं तशी त्याची बोबडी वळली.

"काकू... तुमी... मले वाटलं..."

"उठ," मी म्हटलं. "उठ, आणि चालायला लाग. भैताड कुठला! वर्गणी पायजे तुले? या घरी भुतं भाड्यानं मिळत नाही!" आणखीही बरंच बोललो. माझा तोंडाचा पट्टा सुरू झाला की मला थांबवता येत नाही. तो बिचारा चपला शोधत होता. बायको आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. आता ही दूध उतू गेलं तरी ओरडायची नाही.

तो दारापर्यंत पोचला होता. आतून सांडशी वाजली. मग ती बाहेर आली, हातात चहाचे कप. त्याच्यासमोर कप ठेवला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कोणाशी तरी बोलली.

"काय बोला लागते?"

मी टीव्ही बंद केला.

"काही नाही काकू," तो चाचरत म्हणाला. "लोकं ओरडतीन, खोकला घेऊन जाय, खड्डे घेऊन जाय. तुमी टेम्पोत पडद्यामागं बसाचं, अन् माइकवर म्हणाचं, नेतो! बस. कोणाले दिसणार बी नाही. पण जोरात पायजे."

"अवं, हा तुले भूत म्हणून राहिला," मी म्हटलं, "काही कळते का?"

"मंग?" ती म्हणाली. "इतके दिवस कोणाले कामाचा नव्हता हा आवाज. याले आहे."

 मी चहा प्यालो. थंड झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर स्वयंपाकघरातून आवाज. "नेतो. ने-तो. नेतो!" पोहे परतता परतता सुरू. फ्रिजवरचं कॅलेंडर बाजूला झालं होतं आणि डॉक्टरांचा कागद उघडा पडला होता. ज्या कागदासाठी मी आठ महिने डोकं आपटलं, त्याचं काम खड्ड्यानं केलं. आ, ई, ऊ करून झालं की नेतो, नेतो करून झालं की आ, ई, ऊ. शेजारच्या आजोबांनी मला गंभीरपणे विचारलं, "घरी बरं आहे नं?" म्हटलं, एकदम बरं आहे, बायको भूत झाली.

मारबतीच्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा बडग्या टेम्पोवर उभा, तोंड म्हणजे मोठा खड्डा, त्यात फाटके बूट आणि तुटकं हेल्मेट. त्याच्या मागं पडद्याआड बायको. मी टेम्पोच्या बाजूनं चालत होतो, अंगरक्षक म्हणून. 

"खड्डे घेऊन जाय रे बडग्या!" लोक ओरडले.

"नेतो!" स्पीकरमधून आवाज घुमला.

अरे बाप्पा! पुढची लहान पोरं आईच्या मागं लपली. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेला एक पोरगा बैल सोडून पळाला. मोठ्यांनी शिट्ट्या मारल्या. मग जो तो ओरडायला लागला. मच्छर घेऊन जाय! नेतो! पेपरफुटी घेऊन जाय! नेतो! सासूले घेऊन जाय! "ते जमत नाही!" ती म्हणाली, आणि रस्ता खदखदून हसला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

वळणावरच्या ओट्यावर भजन मंडळाच्या बाया उभ्या होत्या, नटूनथटून. त्यांनी एका सुरात हाक दिली, "खोकला-पडसं घेऊन जाय रे बडग्या!"

मी टेम्पोच्या आणखी जवळ सरकलो. 

"नेतो," आवाज आला. "अन् तुमच्या झांजा बी नेऊ का? माह्या माळ्यावर पडून आहे."

बायांची तोंडं उघडीच राहिली. त्यांच्या पुढारीणबाईनं कपाळावर हात मारून घेतला, मग ती ओट्यावरून उतरली, टेम्पोचा पडदा धरून आत डोकावली आणि रडायला लागली. "वहिनी, गुरुवारी भजनाले या," एवढंच म्हणत होती. "पुढं बसा." ती बाई कायमची सुधारली असं मी म्हणत नाही, पण रडली मात्र परीक्षकांपेक्षा चांगली.

आता पडदा तसाही उघडाच होता. बायको माइक धरून सगळ्यांसमोर बसलेली. मंडपवाल्यानं मला कोपरानं ढोसलं. "काकाजी, तुमी बी मांगा नं काही. सगळ्यायनं मांगलं."

मागायचं काय ते मला संक्रांतीपासून पाठ होतं. हिचं मुकेपण घेऊन जा. एवढंच. मी तोंड उघडलं. आयुष्यभर या तोंडानं मी कोणाला सोडलं नाही. साहेबाला नाही, भुतांना नाही, त्या रडक्या परीक्षकांना नाही. आणि भर रस्त्यात त्यातून एक अक्षर फुटेना. मी नुसता उभा, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. माइक तोंडाशी नेला, आणि तिचा तो खरखरीत आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत गेला.

"बोला नं जी! आठ महिने बोल बोल म्हणून माह्या डोक्यावर बसले होते. आता तुमचा आवाज कुठी गेला?"