लांब शिट्टी

आत्माराम गेल्याचं त्याच्या सुनेनं फोनवर कळवलं. "काका, गॅलरीत कठडा धरून उभे होते. खाली बसले, ते परत उठलेच नाहीत." अशा वेळी माणसानं काहीतरी धीराचं बोलावं. मी विचारलं, "नाक्यावर शिट्टी वाजली होती का गं?" त्या बिचारीनं "ठेवते हं काका" म्हणत फोन ठेवला. म्हातारा भ्रमिष्ट झाला असं तिला वाटलं असेल. तिला कुठून माहीत असणार... सासऱ्यानं ही गोष्ट घरात कधी काढलीच नव्हती.

लालबागच्या चाळीत माझी आणि त्याची खोली भिंतीला भिंत लागून. दोघांचे बाप एकाच गिरणीत मागावर, दोघांच्या आया एकाच नळावर भांडणाऱ्या. गणपतीच्या मिरवणुकीत आम्ही दोघं स्वयंसेवक. मी दोर धरायचो आणि आत्मारामच्या गळ्यात मंडळाची शिट्टी असायची. आमच्या मंडळाची एक रीत होती. गर्दी रेटायला लागली की आत्माराम एक लांब शिट्टी फुंकायचा आणि शेवटी ती झटकन तोडायचा. ती ऐकली की चाळीतल्या प्रत्येकानं असेल तिथं खाली बसायचं. मग मागचे आपोआप थांबत, कोणी चेंगरत नसे. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या अंगात ती शिट्टी मुरली होती.

एका विसर्जनाला बंदोबस्तावरच्या साहेबानं हे पाहिलं आणि आत्मारामच्या पाठीवर थाप मारली. "अशी पोरं आम्हाला पाहिजेत. भरतीला ये." आम्ही दोघंही गेलो. कितीही फुगवली तरी माझी छाती मापात बसेना, तेव्हा मी मुकाट्यानं गिरणीची वाट धरली. तो धावण्यात पहिला आला. चाळीत पेढे वाटले. फक्त त्याचे वडील, भिकूकाका, पेढा हातात धरून बसून राहिले. "सरकाराची काठी हातात घेतलंस, की ती कोणाच्या टाळक्यात बसतली ता तुझ्या हातात नाय रवाचा." आम्ही हसलो. काकांचं बोलणं कोणी मनावर घेत नसे. देवाच्या आरतीतही खोट काढणारा माणूस.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि आमचं हसू मावळलं. भिकूकाका रोज मोर्चात, आत्माराम रोज बंदोबस्तात. सकाळी बापलेक एकाच मोरीवर तोंड धुवायचे, एकाच जिन्यानं उतरायचे आणि खाली गेल्यावर दोन दिशांना लागायचे. त्याची आई खाकी कपडे गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालेनाशी झाली. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. ती आतच, चुलीच्या वर टांगायची, त्यामुळे त्याच्या अंगाला धुराचा वास यायचा. तो जिना चढला की गॅलरीतलं बोलणं थांबायचं. एकदा मला म्हणाला, "अरे, अजून ड्यूटी फोर्टात लागते म्हणून बरंय. लालबागला लागली तर?" मी म्हटलं, "नाय लागणार रे."

लागली. काळाचौकीच्या बाजूनं मोर्चा येत होता. पुढच्या रांगांत आमची चाळ, भिकूकाका माझ्या पुढ्यात. समोर पोलिसांची फळी आणि तिच्यात आत्माराम, आमच्याकडे न बघणारा. पांगण्याचा हुकूम झाला, पण मागून लोक रेटतच होते. काठ्या वर झाल्या. आणि तेवढ्यात ती आली... लांब, शेवटी तोडलेली. शिट्टी खात्याची, फुंक मात्र आमच्या आत्मारामची. आपली माणसं आता चेंगरणार, एवढंच त्याला दिसलं असावं. सगळ्यांत आधी भिकूकाका बसले. त्यांच्यामागे आम्ही सगळे बसलो, भर रस्त्यात. पांगा म्हटल्यावर जमाव ठाण मांडून बसला, असाच अर्थ त्या फळीनं घेतला. उभा माणूस निदान पळू शकतो.

काकांचा उजवा खांदा कायमचा गेला. मागावर ते पुन्हा उभे राहिले नाहीत. इस्पितळात आत्माराम खाकीतच त्यांच्या पायाशी उभा होता. आता काका याला नको नको ते बोलणार, अशी माझी खात्री होती. ते डोळे मिटूनच म्हणाले, "झिलाची शिट्टी वळाखलंय मी. म्हणान बसलंय." आत्माराम बाहेर गेला आणि भिंतीला डोकं टेकून रडला. मुलाची शिट्टी ओळखून बसलो, असं म्हणण्याऐवजी बापानं शिव्या घातल्या असत्या तर तो सुटला असता, असं मला अजून वाटतं.

नोकरी त्यानं सोडली नाही. घर आता त्याच्याच पगारावर होतं. पण शिट्टी पुन्हा तोंडाला लावली नाही. बंदोबस्तात हात वर करून ओरडायचा, घसा बसेपर्यंत. साहेब लोक चिडायचे. मंडळातली ती रीतही कोणी न बोलता बंद पडली. हवालदार होऊन निवृत्त झाला तो चाळीतच राहिला. गॅलरीत पेपर वाचत बसायचा. नाक्यावर ट्रॅफिक पोलिसाची लांब शिट्टी झाली की बोलणं अर्धं टाकून उठायचा, कठडा धरून खाली वाकायचा. रस्त्यात कोणी बसलंय का, ते बघायचा. मग पुन्हा पेपर. मी मुलाकडे दुसरीकडे राहायला गेलो होतो, पण भेटायला आलो की चिडवायचो, "काय हवालदार, सगळे उभे आहेत ना?" तो हसायचा नाही. मित्र होता माझा, आणि मला तेवढंच बोलायला सुचायचं.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी त्याच्या घरी गेलो. सुनेनं चहा केला आणि गॅलरीत त्याचीच खुर्ची मला दिली. सगळं तिला सांगून टाकावं, असं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं आणि नाक्यावर शिट्टी वाजली, लांब. गुडघे धरलेले, तरी मी उठलो आणि कठड्यावरून खाली पाहिलं. माणसं आपली चालत होती.

"काका, तुम्ही फोनवर विचारलं होतंत ना," सून मागून हळूच म्हणाली, "त्या दिवशीही वाजली होती."