गायधनीचा रोजचा फोन

प्रमोद गायधनी कुणाचाही प्रश्न पूर्ण ऐकून घेत नसे. समोरच्याने तोंड उघडलं रे उघडलं की हात वर करून म्हणायचा, "आधी नेटवर शोधलंस? नाही ना? मग माझं डोकं कशाला खातोस?" नाशिकच्या सातपूर भागातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत माझं टेबल त्याच्या शेजारीच होतं, त्यामुळे रोज कुणाचा तरी पडलेला चेहरा मला पाहावा लागे.

हुशार होता, हे मात्र नाकारून चालणार नाही. त्याने फुकट दिलेल्या टिपा मी आजही वापरते. "जे काम दोनदा करावं लागलं, ते तिसऱ्यांदा माणसाने करायचं नाही," हे त्याचं लाडकं वाक्य. सुट्टीच्या दिवशी घरी बसून तो असलेच प्रोग्रॅम लिहायचा. टाकी भरली की पंप आपोआप बंद, बायकोच्या मेसेजला आपोआप "हो". बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही, तेव्हा म्हणाला, "बरं झालं, मोबाईल शांत झाला." मला त्याचा मनस्वी राग यायचा.

त्याची आई एकलहऱ्याला एकटीच राहायची. वडील तिथल्या वीज केंद्रात होते, निवृत्तीनंतर जवळच घर बांधलं आणि तिथेच वारले. नाशिकहून पाऊण तासाची वाट, पण गायधनी सणावारीच उगवायचा. एकदा मोठ्या कौतुकाने त्याने मला नवा प्रोग्रॅम दाखवला. रोज सकाळी दहाला आईला फोन जायचा. आवाज त्याचाच, पण आधी रेकॉर्ड केलेला. "चहा झाला का? गोळी घेतलीस का?" ती बोलायची थांबली की पुढचं वाक्य. जास्त वेळ बोलली तर, "हो, बघतो मी. काळजी करू नकोस."

"काकूंना कळत नाही?" मी विचारलं.

"ती रोज तेच बोलते, मी रोज तेच बोलतो. यात माझी गरज कुठाय?"

हा फोन वर्षभर सुरळीत चालला. मग एका सकाळी काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या. गाऊनच्या खिशातला फोन नेमका तेव्हाच वाजला. "पम्या, मी पडले रे. उठताच येत नाय. लवकर ये," त्या म्हणाल्या. उत्तर आलं, "हो, बघतो मी. काळजी करू नकोस."

काकूंनी काळजी केली नाही. दुपारी शेजारीणबाईंनी दार वाजवलं, तर काकू आतून म्हणाल्या, "दार नका फोडू. पम्या निघालाय, त्याच्याकडं किल्ली हाय." संध्याकाळी आतून आवाज येईना, तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडलं आणि गायधनीला कळवलं. तो ऑफिसातच होता, मीही त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले.

खुबा मोडला होता, छातीतही कफ भरला होता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "उशीर का झाला रे?"

"द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, आई."

"असू दे. तिथं रोजचंच हाय," म्हणून त्यांनीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "डॉक्टरांनी आशा सोडलीय. मी फोनवर बोललो होतो, यायला निघालो होतो, एवढं तरी तिला वाटू दे. माझी थाप उघडी पाडू नकोस." त्याला कुणाची विनवणी करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले, तेव्हा तो आईला चमच्याने पेज भरवत होता. इतक्यात उशाशी ठेवलेला काकूंचा फोन वाजला. दुसऱ्याच्या बारीकशा चुकीवर अख्खं ऑफिस डोक्यावर घेणारा हा माणूस स्वतःचा प्रोग्रॅम बंद करायला विसरला होता. काकूंना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"आई, चहा झाला का?"

काकूंनी मुलाच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. त्याने फोन घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो छातीशी धरला.

"झाला," त्या फोनला म्हणाल्या.

"गोळी घेतलीस का?"

"घेतली."

"बरं. काळजी घे."

फोन कट झाला. गायधनी कसाबसा म्हणाला, "आई, मी बंद करतो ते."

"राहू दे," काकू म्हणाल्या. "तो रोज विचारतो तरी."

त्यानंतर त्या जाईपर्यंत रोज दहाला फोन येत राहिला आणि त्या त्याच्याशी बोलत राहिल्या. शेजारी बसलेल्या मुलाशी एक शब्दही बोलल्या नाहीत.