धम्मानंद आणि दम्मामचा फोन

धम्मानंद शंकरराव सोनकांबळे याचे मूळ गाव नांदेड जिल्ह्यातील बिलोलीकडचे. परंतु तो जन्मला, वाढला आणि फुटबॉल शिकला तो हैदराबादेत, नामपल्ली स्टेशनामागच्या वस्तीत. वडील शंकरराव पाणीपुरवठ्याच्या कचेरीत शिपाई होते. आई सरुबाई घर सांभाळून शेजारपाजारचे कपडे शिवीत असे. त्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस म्हणजे धम्मानंद. तो अभ्यासापेक्षा पायांच्या बळावर गेला, ही गोष्ट लपविण्याचे काही कारण नाही. नारायणगुड्याच्या कॉलेजाने त्याला खेळाडू म्हणूनच प्रवेश दिला होता.

तो खेळू लागला की मैदानाबाहेरचा चहावाला गाळणी हातात तशीच धरून उभा राही. चेंडू त्याच्या पायाशी येऊन निवांत होई. गोल राखणारा वजाहत हा त्याचा जिवाभावाचा दोस्त. वजाहत मल्लेपल्लीचा. दोघे एकाच सायकलवर कॉलेजात येत. वजाहतच्या घरी ईदच्या दिवशी धम्मानंद आल्याशिवाय शीरखुर्म्याच्या पातेल्यावरचे झाकण निघत नसे, आणि सरुबाईच्या हातचा ठेचा वजाहत हक्काने मागून खाई.

सन १९९१ च्या फेब्रुवारीत कॉलेजांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. शामियान्यात एका सरकारी कारखान्याच्या संघाचे निवडकर्ते येऊन बसले होते. त्या काळी खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली म्हणजे जन्माचे कल्याण झाले, अशी समजूत होती आणि ती खोटीही नव्हती. सामना संपण्यास दहा मिनिटे उरली असताना वरून आलेला चेंडू डोक्याने मारण्यास धम्मानंद उंच उडाला. खालून दुसऱ्याचा खांदा लागला आणि तो मुरमाच्या कडक जमिनीवर पाठीवर आपटला. कमरेखाली त्याला काहीच कळेना. डोळ्यांना मात्र तो शामियाना स्वच्छ दिसत होता.

"उठाव रे मेरे कू," तो धावत आलेल्या वजाहतला म्हणाला. "जल्दी उठाव. वो लोगां देखरे."

"ठहर मियाँ, पंच कू तो आने दे."

"मैं बोलरा ना! खडा कर मेरे कू!"

वजाहतने त्याच्या काखेत हात घातले, संघातल्या दुसऱ्या दोघांनी पाय धरले. धम्मानंद उभा राहिला नाही. मग त्यांनी त्याला तसाच दुमडून रेषेबाहेर नेला आणि ऑटोत बसवून रुग्णालयात पोचविला.

"पाठीला मार लागलेल्या माणसाला असा दुमडून कोणी आणला?" तिथल्या डॉक्टरांनी विचारले.

वजाहतने मान खाली घातली. निरोप मिळताच धावत आलेली सरुबाई शेजारीच उभी होती.

मणका मोडला होता. पाय गेले होते. पडतानाच सर्व नुकसान झाले की उचलताना वाढले, हे आता कोणालाही सांगता येणार नाही, असे पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. परंतु सरुबाईने पहिल्या डॉक्टरांचे बोलणे मनात धरले ते धरलेच.

तीन महिन्यांनी धम्मानंदाला घरी आणले. त्यानंतर एका सकाळी वजाहत उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. सरुबाई आडवी आली.

"पोत्यावाणी उचललंस माझ्या लेकराला. अन् आता बिस्कुटं घेऊन आलास व्हय?"

"अम्मा, मेरी बात तो..."

"जा बाबा. पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावू नको."

धम्मानंद आत खाटेवर जागा होता. त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला. माय, मीच त्याला उचल म्हणालो, एवढे एकच वाक्य बोलायचे होते. ते ओठांपर्यंत आले आणि त्याने ते गिळले. जी आई दिवसातून दहा वेळा आपल्याला कुशीवर वळविते, जिचे हात आपले मलमूत्र काढतात, तिला हे आपणच ओढवून घेतले असे सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही. वजाहतच्या चपलांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आला. वर्षभराने कोणी सांगितले की तो सौदीला, दम्मामला, वातानुकूलित यंत्रे दुरुस्त करण्याच्या कामावर गेला.

पुढची वर्षे कशी गेली हे विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. पाठीला जखमा झाल्या, भरल्या, पुन्हा झाल्या. खाटेला बांधलेला दोर धरून तो बसायला शिकला, मग चाकाच्या खुर्चीत उतरायला शिकला. ज्या कारखान्याची त्याने आस धरली होती, त्याने नव्या आर्थिक धोरणाच्या वाऱ्यात भरती बंद केली आणि आपला फुटबॉल संघही मोडून टाकला. नव्या वाऱ्याने एक दार मात्र उघडले. गल्लोगल्ली टेलिफोनचे बूथ निघू लागले आणि ते अपंगांना देण्याची सरकारी योजना होती. शंकररावांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजविले. १९९५ साली नारायणगुड्याच्या एका कोपऱ्यावर काचेची लहानशी खोली उभी राहिली आणि धम्मानंद तिचा मालक झाला.

तो बूथ चांगला चालला. परदेशांचे क्रमांक त्याला तोंडपाठ झाले. कोणत्या गिऱ्हाइकाला फोनवर रडू येणार, हे त्याला चेहऱ्यावरून आधीच कळे. अशा वेळी तो टेबलावरचा पंखा जोराने सोडी, म्हणजे बाहेरच्यांना काही ऐकू जाऊ नये. लोक त्याला मान देत. तो हसू लागला होता. पाय गेल्याचे दुःख त्याने पचविले होते. एक गोष्ट तेवढी पचली नव्हती, ती म्हणजे त्या सकाळचे आपले गप्प राहणे.

१९९६ च्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी दुपारी वजाहतची आई बूथवर आली. धम्मानंद तिला लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे. तिने मायेने विचारपूस केली आणि क्रमांकाची चिठ्ठी पुढे केली. त्याने क्रमांक फिरविला.

"हलो? अम्मी?"

आवाज ओळखण्यास त्याला क्षणही लागला नाही. त्याने न बोलता फोन खालाच्या हाती दिला. असे सात शुक्रवार झाले. आठव्या शुक्रवारी, बोलणे आटोपून खाला बाहेर आली तेव्हा त्याने विचारले,

"खाला, इत्ता दूर कायकू आते? आपकी गल्ली में दो-दो बूथ हैं."

"हौ, हैं. मगर वो बोलता, फोन धम्मा केच पास से करो अम्मी, और कहीं से नक्को. हर बार पूछता, दुबला तो नै हुआ? मैं बोलती, तूच पूछ ले ना. बोलता, मेरे कू मुँह नै है."

खाला गेली. धम्मानंदाने त्या दिवशी पुढच्या दोन गिऱ्हाइकांना चुकीचे क्रमांक लावून दिले.

वजाहतची क्षमा फोनवर मागता आली असती. परंतु घरात त्याच्या नावाने शिव्या चालू असताना ती क्षमा अर्धवट राहिली असती, हे त्याला समजत होते. पुढचे चार-पाच दिवस तो शब्द जुळवीत राहिला. बुधवारी संध्याकाळी तो आईच्या शिलाई मशीनपाशी खुर्ची घेऊन गेला.

"माय, मशीन थांबव. एक सांगायचंय."

"मशीन चालली तरी कान उघडेच असतात माझे. बोल."

"वजाहतनं मला आपल्या मनानं उचललं नव्हतं. तो थांब म्हणालता. मीच ओरडलो त्याच्यावर. नोकरीवाले बघायलेत म्हणून."

मशीन थांबली.

"तो दारात आलता, तवा तू जागा होतास?"

"हौ."

"अन् गप पडून ऱ्हायलास?"

"हौ, माय."

सरुबाईने सुईखालचे कापड सोडविले, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "पाच वर्सं," ती म्हणाली. "तुझं अंग पुसताना एक शिवी, भाकरी थापताना एक शिवी. पाच वर्सं त्या पोराला मोजून घातल्या. त्या समद्या आता मी कुठं नेऊन टाकू, सांग बरं?"

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढले, जखमा पाहिल्या, अंथरूण झटकले. शब्द काही काढला नाही. मित्रापाठोपाठ आपण आता आईलाही गमावतो की काय, असे त्याला वाटले.

शुक्रवारी दुपारी सरुबाई धुतलेले लुगडे नेसून बूथवर हजर झाली. इतक्या दिवसांत ती तिथे कधी आली नव्हती. पाठोपाठ खालाही आली. दोघी एकमेकींकडे पाहतच राहिल्या.

"बसा," सरुबाई म्हणाली. "आज आधी आमचा लंबर."

धम्मानंदाने क्रमांक फिरविला.

"वजाहत. धम्मा बोलरा."

पलीकडच्याला बोलू न देता त्याने पुढचे एका दमात सांगून टाकले.

"फोन नक्को रख. मैं माय कू सब बोल दिया. तू ठहर बोला था, मैंच नै माना."

"तेरे कू याद है वो?"

"रोज याद है."

"तो इत्ते साल मुँह में दही जमाके बैठा था क्या, गधे?"

"डर गया था रे. माफ कर."

"मैं यहाँ अपने हाथां देख-देखके..." वजाहतचे वाक्य पुरे होण्याआधीच सरुबाईने फोन ओढून घेतला. तिने तो उलटा धरला होता; धम्मानंदाने सरळ करून दिला. दम्माम लांब आहे हे लक्षात ठेवून ती ओरडूनच बोलली.

"वजाहत! मी सरु बोलालेय! का रे, मी एकदा जा म्हणलं तर पार दम्मामला गेलास व्हय? दुसऱ्यांदा यायचं नव्हतं? ढकलून आत यायचं की मला! मी म्हातारी काय पहिलवान हाय?"

फोनमधून जो आवाज येत होता तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे बाहेरून कळण्यासारखे नव्हते. सरुबाईने पदराने डोळे पुसले आणि अधिकच जोराने विचारले, "सुट्टी कधी हाय तुला? सरळ माझ्या घरी यायचं. अम्मीकडं मागून जा."

"सरु बहन," खाला म्हणाली, "बच्चा मेरा है. थोडा मेरे कू भी छोडो."

"थांबा हो जरा. लगीन कधी करतो ते विचारून घेते."

बाहेर तीन गिऱ्हाइके खोळंबली होती. धम्मानंदाने त्यांना हात जोडून सांगितले, आज थोडा वेळ लागेल.