रामू घरतचा जोर

रामू घरतने आयुष्यात अर्ध्या जोराने काही केलं नव्हतं. पोरवयात बापाच्या हाताखाली मिठागरात लांब दांड्याची फळी ओढली, ती खांदे भरून येईपर्यंत. पुढे आगरं गेली, न्हावा शेव्याला बंदर आलं, आणि रामू कंटेनर बांधायच्या कामाला लागला. जहाजावर एकावर एक चढवलेले कंटेनर लोखंडी गजांनी आवळायचे. वादळातही ते हलता कामा नयेत. रामूने आवळलेला गज मुकादम पुन्हा तपासत नसे. दुसऱ्याने आवळलेला गज रामू मात्र तपासायचा, आणि ढिला निघाला तर त्या माणसाशी दिवसभर बोलायचा नाही.

असा माणूस निवृत्तीनंतर लघवीपुढे हात टेकून बसला. प्रोस्टेटची गाठ वाढत गेली आणि धार बारीक होत गेली. रामूने त्याचंही काम करून टाकलं. पाय रोवायचे, दात आवळायचे आणि पोटातून रेटायचं. कित्येक वर्षं तो असाच मोकळा होत आला. मग एका सकाळी कितीही रेटलं तरी थेंब येईना. बायकोने, वेणूने, रिक्षा बोलावून त्याला पनवेलच्या इस्पितळात नेलं. तिथे नळी घातली, मांडीला पिशवी बांधली.

नळीचं दुखणं त्याने सोसलं. सोसवलं नाही ते पागाचं. ओहोटीला खाडीत कमरेएवढ्या चिखलपाण्यात उतरून पाग, म्हणजे गोल पसरणारं जाळं, फेकायचं, मिळेल ती मासळी घरी आणायची, हा त्याचा निवृत्तीनंतरचा खरा दिवस. नळी लावून खाडीत कोण उतरणार? पाग पडवीतल्या खुंटीवर टांगलेलंच राहिलं आणि वेणू बाजारातून मासे आणू लागली. ते मासे रामू न बोलता खायचा.

इस्पितळात तेव्हा एक संशोधन चालू होतं. प्रोस्टेटचं ऑपरेशन दुर्बिणीतून दोन तऱ्हांनी होतं, एक तापल्या तारेने गाठ खरवडून काढायची जुनी आणि एक लेझरची नवी. दोन्ही चांगल्या. कुठल्या माणसाला कुठली जास्त मानवते, ते तिथले डॉक्टर बघत होते. कोणाला कुठली मिळणार ते कॉम्प्युटर ठरवायचा, आणि सगळं संपेपर्यंत पेशंटला सांगायचे नाहीत. संशोधनाचं काम बघणाऱ्या पूर्वी नावाच्या मुलीने रामूला सगळं वाचून दाखवलं, घरी जाऊन विचार करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वेणूसमोर पुन्हा वाचलं.

"काका, मधूनच नको वाटलं तर सोडता येतं. उपचार चालूच राहतील."

"मी मधूनच काय सोडत नाय," रामू म्हणाला आणि सही केली.

ऑपरेशन झालं, नळी निघाली, धार लागली. तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं. नरसाळ्यासारखं तोंड असलेल्या एका यंत्रात लघवी करायची, आणि धार कसकशी येते त्याची रेघ यंत्र कागदावर काढतं. खाडीत उतरायची परवानगी त्या कागदावर अवलंबून होती. रामू भरपूर पाणी पिऊन आत गेला. भिंतीचा पाइप धरला, पाय रोवले, आणि शेवटचा गज आवळावा तसा जोर लावला. घामाघूम होऊन बाहेर आला तो समाधानाने.

डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. "तुटक येतंय. वर जातंय, पडतंय, परत वर. मार्ग आतून आकसला असेल तरी असं दिसू शकतं. पुढच्या आठवड्यात परत करू. तसंच आलं तर दुर्बीण घालून बघावं लागेल."

"म्हंजे नळी?"

"थोडे दिवस. कदाचित."

बाहेर बाकावर मनासे पेणकर बसला होता. तोही त्याच संशोधनातला, रामूच्याच आठवड्यात ऑपरेशन झालेला. बंदराच्या कचेरीत हिशेबनीस होता. पनवेलच्या ज्यू घरांतली बरीचशी इस्राएलला गेली, मनासे इथेच राहिला. मुलगी हदास तिकडून दर शुक्रवारी फोन करायची आणि शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी बापाला धार कशी आहे ते विचारायची.

"काय घरत, गज ढिला निघाला वाटतं?"

"आतून आकसलंय म्हनतात."

"आकसलंय? मला इथपर्यंत आवाज येत होता. वाटलं, आत कोणी जहाज लोटतंय."

"मंग? जोर नको लावायला? दोन गट पाडलेत. आपला गट कोनचा ते ठावं नाय, पन माज्यापायी हरायला नको."

मनासेने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याचे खांदे हलत होते. "पूर्वी," त्याने हाक मारली, "जरा इकडे ये गं बाळा. इथे एक खेळाडू बसलाय."

पूर्वीने ऐकून घेतलं. ती हसली नाही, रामूच्या शेजारी बसली. "काका, ही मॅच नाही. इथे कोणी हरत नाही. तुम्ही जोर लावलात की कागदावर तुमचा जोर उमटतो, ऑपरेशन उमटत नाही. उद्या असल्या कागदांवर विसंबून कोणी डॉक्टर दुसऱ्या एखाद्या काकांना भलतंच ऑपरेशन सांगेल."

वरून घट्ट दिसणारा आणि आतून न बसलेला गज रामूने पुष्कळ पाहिला होता. अशा गजावर विसंबून जहाज दर्यात जातं.

"मंग ह्यो कागद फाडून टाक," तो म्हणाला.

"फाडता येत नाही. झालं तसं ठेवायचं, शेजारी कारण लिहायचं. पण पुढच्या आठवड्यात जोर न लावता करा."

फाडता येत नाही हे रामूला पटलं. जोर न लावता कसं करायचं, ते मात्र घरी गेल्यावरही कळेना. परसात उभा राहिला की पाय आपोआप रोवले जायचे, दात आवळले जायचे. नळी निघाल्यापासून धार मोकळी होती की नव्हती, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तिला एकदाही एकटी सोडली नव्हती.

वेणू ओट्यावर बाजारचे बोंबील साफ करत होती. रामू रागाने आत आला.

"जोर न लावता काय व्हतं का जगात?"

"आगरात पानी कसं घेत व्हतां?" तिने मान वर न करता विचारलं. तीही मिठागरवाल्याचीच लेक.

"कसं म्हंजे? भरतीला उघाडी उचलायची."

"आनि मंग? मागून ढकलत व्हता का काय पान्याला तुमचा बा?"

रामू खाली बसला. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. बाप ते उचलायचा, खुंटी मारायचा, आणि बाजूला होऊन विडी पेटवायचा. खाडीचं पाणी आपल्या चालीने आगरात शिरायचं. लहानपणी रामू पाण्यात उतरून हाताने ते पुढे लोटू बघायचा, तेव्हा बाप ओरडायचा, "वर ये. तुजं काम झालं. आता त्याचं चालू हाय."

आठवडाभर रामूने सराव केला. परसात उभं राहायचं, पाय सैल सोडायचे, जबडा सैल सोडायचा, शेवग्याच्या शेंगांकडे बघायचं. पहिले दोन दिवस काहीच नीट जमलं नाही. इतकं अवघड काम बंदरावरही कधी पडलं नव्हतं. वेणू आतून विचारायची, "शेंगा मोजताय का काय?" पण चौथ्या दिवशी शेंगा बघता बघता सगळं होऊन गेलं, आणि संपल्यावरच त्याच्या ध्यानात आलं.

तपासणीच्या दिवशी मनासेचं काम नव्हतं, तरी तो बाकावर हजर होता.

"आज जहाज लोटायचं नाही," त्याने बजावलं.

"तू कान देऊन बसू नको म्हंजे झालं."

रामू आत गेला. खिडकीतून एसटी स्टँड दिसत होता. पेणची गाडी मागे घेताना कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता. रामूने मनातल्या मनात उघाडी उचलली, खुंटी मारली आणि बाजूला होऊन त्या गाडीकडे बघत राहिला. गाडी फलाटाबाहेर पडली तेव्हा यंत्र वाजून थांबलेलं होतं.

या खेपेला कागदावर एकच टेकाड होतं, नेऱ्याकडचा डोंगर लांबून दिसावा तसं, सावकाश चढलेलं आणि सावकाश उतरलेलं. रामूचा चेहरा पडला.

"मागच्या टायमाला ह्याच्यापेक्षा उंच गेलं व्हतं."

"मागच्या वेळी तुम्ही उंच गेला होतात," डॉक्टर म्हणाले. "आज ऑपरेशन दिसतंय. चांगलं झालंय."

सोनोग्राफीत मूत्राशय रिकामं निघालं. दुर्बिणीचं काही कारण उरलं नाही.

"पाग टाकलं तर चालंल?"

"चालेल. पाणी मात्र भरपूर प्या."

निघताना पूर्वीने विचारलं, "तुमचं कुठल्या तऱ्हेने झालं ते विचारत नाही काका?"

"तुमचं संपलं की सांगा. घाई नाय."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला रामूने पाग खुंटीवरून काढलं. उन्हात धरून जाळं तपासलं, दोन ठिकाणी शिवलं आणि खाडीत उतरला. पाग फेकायला जोर लागतो. तो त्याने खांद्यापासून पुरता लावला. जाळं गोल उघडून पडलं. मध्येच एकदा बांधावर चढून तिवरांच्या आड उभा राहिला, बंदराकडच्या क्रेनांकडे बघत. उतरून परत पाण्यात गेला तेव्हा पाय सैलच होते.

टोपलीत कोलंबी आली, खेकडे आले, चार बोयाही आल्या. मनासेला धर्माप्रमाणे खवल्यांचाच मासा चालतो, म्हणून बोयांतल्या दोन मोठ्या रामूने पानात वेगळ्या बांधल्या. घरी वेणूने टोपलीत डोकावून पाहिलं.

"बाजारात जायला नको म्हनायचं आज."

"आजपासून नको," रामू म्हणाला, आणि मनासेच्या बोया पनवेलला पोचवायला रिक्षा बघू लागला.